वाकळेआडची चाल

आमचं घर संशयी होतं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी नाक मुरडायला नको. दूधवाला आला की आई दुधात बोट बुडवायची आणि थेंब नखावर धरून उजेडात बघायची. भाजीवालीनं तागडी उचलली की आईची नजर तिच्या करंगळीवर. पाहुणा अवेळी आला तर हा का आला असेल, आणि वेळेवर आला नाही तर हा का आला नसेल, यावर चुलीपुढं चर्चा व्हायची. मी त्याच घरातली. आजही डॉक्टरनं दिलेली गोळी उलटीपालटी करून बघितल्याशिवाय मी तोंडात टाकत नाही. सून म्हणते, "आई, औषध आहे हो ते." मी म्हणते, असेल, पण बघायला काय जातंय.

या संशयाचं मूळ अण्णांच्या धंद्यात होतं. अण्णा म्हणजे माझे वडील, लग्नात वाजवणाऱ्या बँडचे मास्तर. तरुणपणी ते लष्कराच्या बँडमध्ये कॉर्नेट नावाचा छोटा पितळी कर्णा वाजवत होते. ती नोकरी सुटल्यावर सोलापुरात येऊन त्यांनी स्वतःचा बँड उभा केला. सगळी माणसं इथलीच, कुणी गिरणीतला, कुणी हातमागावरचा. लग्नसराईत अंगात लाल कोट, एरवी ज्याचा त्याचा धंदा. अण्णा स्वतः लग्नसराई नसली की लोकांच्या गळक्या स्टोव्हला आणि कंदिलाला कथलाचा डाक लावायचे. बँडवाल्याची सगळी इस्टेट म्हणजे त्याच्या चाली. कोट भाड्यानं मिळतो, ढोल उसना मिळतो, पण पाठवणीच्या वेळी मांडवातल्या बायांच्या डोळ्यांत पाणी आणणारी चाल कुणी उसनी देत नाही. एका बँडची चाल दुसऱ्यानं उचलली की पुढची सुपारी त्याच्याकडं गेली म्हणून समजा. त्यामुळं चाल जपायची. आमच्या गल्लीत बायका दागिने जपत नव्हत्या तेवढ्या अण्णा चाली जपत. दागिने तसेही कुणाकडं फारसे नव्हते.

मांडवाच्या गोंगाटात ऐकून चाल कुणाला उचलता येत नाही, पण शिकलेला माणूस फुटला की गेली, असा अण्णांचा हिशेब. म्हणून जपायची त्यांची रीत अशी, की सगळी चाल एकाही माणसाला शिकवायची नाही. प्रत्येकाला आपापला तुकडा. ढोलवाला वेगळ्या दिवशी येणार, मोठा भोंगा वाजवणारा वेगळ्या दिवशी, क्लारनेटवाला मल्लय्या तिसऱ्याच दिवशी. कागदबिगद काही नाही. अण्णा तोंडानं बोल म्हणत, समोरच्यानं ते वाजवून दाखवायचं. आतल्या खोलीच्या दाराला आईची जाड वाकळ टांगलेली असायची आणि खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या असायच्या. उन्हाळ्यात आत शिजून निघायची माणसं, पण वाकळ हलायची नाही. सगळे तुकडे एकत्र यायचे ते गावाबाहेरच्या माळावर, आणि तिथंसुद्धा अण्णा आधी चहूकडं फिरून बघून यायचे, बाभळीमागं कुणी शेळ्या राखणारा तर बसला नाही ना. एकदा खरंच एकजण बसला होता. अण्णांनी त्याला गूळशेंगा देऊन लांब पाठवला आणि तो दिसेनासा होईपर्यंत कुणाला वाजवू दिलं नाही. वाकळेच्या अलीकडं चूल होती आणि चुलीपाशी मी, आई आणि माझी थोरली बहीण अक्का. अण्णांच्या हे कधी ध्यानातच आलं नाही, की सगळे तुकडे रोजच्या रोज ऐकणारं एकच ठिकाण गावात आहे आणि ते त्यांच्याच घरात भाकऱ्या थापतंय.

त्यात ते दिवसच तसे होते. आदल्या साली, म्हणजे १९३० मध्ये, चळवळ दडपायला इंग्रजांचा मार्शल लॉ गावात येऊन गेला होता. लष्कर गेलं, पण लोकांच्या नजरेतलं तिरपेपण मागं राहिलं. पारावर चार माणसं बोलत असली आणि पाचवं आलं, की विषय शेंगांच्या भावावर जायचा. कोण कुणाच्या बंगल्यावर जातो, कुणाच्या डोक्यावर कोणती टोपी, सगळं बघितलं जायचं. अशा वेळी अण्णांची सगळ्यात चांगली, सगळ्यात जपलेली चाल एका मेलेल्या साहेबाची होती.

त्या साहेबाचं नाव अण्णांना धड घेता येत नसे. राणीनं त्याला 'सर' केला होता, म्हणून अण्णा त्याला नुसतं 'सर' म्हणायचे आणि ती चाल म्हणजे 'सराची चाल'. लष्करातल्या गोऱ्या बँडमास्तरानं ती चाल एकट्या अण्णांना बाजूला घेऊन दिली होती आणि सोबत सराच्या गोष्टी सांगितल्या होत्या. त्यात अण्णांनी किती भर घातली ते देव जाणे. इतर घरांत संध्याकाळी ध्रुव-प्रल्हादाच्या गोष्टी सांगत, आमच्याकडं सराच्या. आई उखळात शेंगाची चटणी कुटत असायची, लसणाचा वास घरभर सुटलेला असायचा, आणि अण्णा कडक भाकरी मोडत सांगायचे, की सर हा बँडवाल्याचा पोरगा. बाप पलटणीच्या बँडात, घर गरिबाचं. पोरानं मिसरूड फुटायच्या आत बापाच्या बँडातलं एकूण एक वाद्य वाजवून दाखवलं. पुढं त्यानं नाटकांना चाली दिल्या, हसवणाऱ्या नाटकांना. अख्खी विलायत त्या गुणगुणत होती. मोठमोठे लोक त्याला म्हणायचे, अरे, तू एवढा विद्वान, हे हलकंफुलकं काय करतोस, काहीतरी भारदस्त कर. खुद्द राणी म्हणाली. त्यानं भारदस्तही केलं, पण लोकांच्या तोंडी बसलं ते हलकंफुलकंच. आणि पोटात खड्याचं दुखणं असं, की कळ आली की जमिनीवर लोळायचा. कळ थांबली की उठून बसायचा आणि लिहायला घ्यायचा ते नाचायला लावणारं गाणं. इथं अण्णांचा आवाज बारीक व्हायचा. स्वतः त्यांना पाठदुखी होती आणि वरातीत मैलभर चालून वाजवताना ती उमळायची, हे आम्हाला ठाऊक होतं.

पण अण्णांची आवडती गोष्ट सतरंजीची. सराचा एक जोडीदार होता. तो शब्द लिहायचा, सर चाल द्यायचा. दोघांनी मिळून नाटकामागून नाटक गाजवलं. आणि शेवटी भांडले कशावरून, तर नाटकगृहाच्या दारात अंथरायच्या एका सतरंजीवरून. ती कुणाच्या खर्चात घालायची, एवढाच वाद. कोर्टापर्यंत गेले. पुढं एकदा जुन्या खेळाच्या शेवटी दोघांना लोकांपुढं आणलं, तर एक या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला, नमस्कार करून निघून गेले, एकमेकांशी शब्द बोलले नाहीत. अण्णा हसून हसून सांगायचे, "सोलापुरात सतरंज्या काय कमी हाईत? मला म्हणाला असता तर मल्लय्याकडनं एक विणून धाडली असती की." अण्णा गालिच्यालाही सतरंजीच म्हणायचे.

आईचा या सगळ्यावर काडीचा विश्वास नव्हता. सर नावाचा माणूस झालाच नाही, हे तिचं ठाम मत होतं. चाल कुठून तरी उचललेली, आणि ते लपवायला ह्यांनी साहेब रचला, असं ती मुसळ थांबवून म्हणायची, म्हणजे आम्हाला नीट ऐकू जावं. "सतरंजीपायी कोन कोर्टात जातंय का? आन त्ये बी सायेब लोक?" असा तिचा बिनतोड सवाल. अण्णा चिडायचे. मी दोघांच्या मधे, आणि खरं सांगायचं तर मी आईच्या बाजूची होते. मला तो सर फारच सोयीचा वाटायचा. अण्णांसारखाच बँडवाला, अण्णांसारखाच दुखणाईत, अण्णांसारखीच लोकांना त्याची किंमत नाही. बाप स्वतःलाच साहेबाचा कोट घालून आमच्यापुढं उभा करतोय की काय, असं त्या वयातही माझ्या मनात यायचं.

मल्लय्याबद्दल सांगायला हवं. तो विणकर, घरची बोली तेलुगू, मराठी बोलायचा ती मोजकी आणि जपून. अण्णांनी बँड काढला त्या दिवसापासून तो त्यांच्या उजव्या हाताला उभा राहून क्लारनेट वाजवायचा. सराच्या चालीतला मुख्य धागा त्याच्याकडं होता. दुसरी ओळ संपते तिथं अण्णांचं कॉर्नेट एक सूर लांबवून धरायचं, आणि त्या सुराच्या अंगावरून मल्लय्या क्लारनेटची एक बारीकशी गिरकी घ्यायचा. ती सराची नव्हती आणि अण्णांचीही नव्हती. त्याची आई मागासाठी सुताच्या कांड्या भरताना जे गुणगुणायची त्यातला तो तुकडा, असं त्यानं एकदा माझ्या आईला सांगितलं होतं. अण्णा दुसऱ्या कुणाला एक सूर इकडचा तिकडं करू द्यायचे नाहीत, पण ती गिरकी त्यांनी राहू दिली. बाया रडायच्या त्या नेमक्या तिथंच. आणि अक्काचं लग्न करमाळ्याच्या घरी जमलं तेव्हा मल्लय्या आपण होऊन म्हणाला होता, की मांडवातली सतरंजी माझी. लांबरुंद, नवी, पंगत बसेल एवढी.

मग मोडनिंबचा भिकूमामा आला. आईचा हा भाऊ म्हणजे संशयाच्या बाबतीत तिचाही गुरू. तो वळसंगला कुणाच्या तरी लग्नाला जाऊन आला होता. धपाट्याचा तुकडा दह्यात बुडवत तो सहज म्हणाला, की पाठवणीला तुमचीच ती चाल वाजली, पण बँड हुसेनभाईचा होता. हुसेनभाई म्हणजे गावातला दुसरा बँडमास्तर, अण्णांचा हाडवैरी. अण्णांचा घास हातातच राहिला. "कंची चाल?" मामानं गुणगुणून दाखवली. मामाचा गळा म्हणजे फुटकी घागर, पण ओळखू यायला तेवढा पुरे होता. ती सराचीच चाल होती.

त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. कुणी दिली? ढोलवाल्याकडं नुसता ठेका. भोंगेवाल्याला तीन-चारच सूर माहीत. ज्याच्याकडं मुख्य धागा, त्याच्यावरच नजर जाणार. आणि एकदा नजर गेली की मग काय विचारता, पुरावे पाऊस पडल्यासारखे पडायला लागले. मल्लय्याची बायको हुसेनभाईच्या बहिणीशी विहिरीवर बोलताना दिसली होती. मल्लय्याच्या अंगावर नवं धोतर होतं. मागच्या खेपेला शिकवणीला आला तेव्हा पाणी न पिता गेला. आईनं त्यात आणखी एक घातलं, की तो हल्ली आपल्या डोळ्याला डोळा देत नाही. तो कधीच कुणाच्या डोळ्याला डोळा देत नसे, खाली मान घालून मागावर बसणारा माणूस तो. पण तेव्हा हे कुणी म्हटलं नाही. अक्कावरही आईनं दोन दिवस डोळा ठेवला, कारण ती जात्यावर गुणगुणायची. मी गुणगुणतच नव्हते, म्हणून माझ्यावर जास्त ठेवला. अण्णांनी स्वतः हुसेनभाईच्या बँडच्या तोंडून ती चाल एकदाही ऐकली नव्हती. मामाच्या फुटक्या घागरीवर सगळा खटला चालला होता.

मल्लय्या ठरल्या दिवशी आला, क्लारनेट पिशवीत घेऊन, नेहमीसारखा पायरीवर चपला काढून. अण्णा ओट्यावर कुणाच्या तरी स्टोव्हला डाक लावत बसले होते. ते उठले नाहीत. आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि वाकळ दाराला नव्हती, घडी करून कोपऱ्यात पडली होती. मल्लय्यानं ती बघितली. अण्णा कथलाचा थेंब टाकत खाली मान घालूनच म्हणाले, "आता कशाला झाकायचं? हुसेनभाईच्या घरी उघड्यावर वाजतंय समदं." मल्लय्यानं क्लारनेटची पिशवी काखेत घेतली. त्यानं विचारलं असतं, भांडला असता, शपथ घेतली असती, तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं. आमच्या घराला भांडणाची सवय होती, गप्प बसणाऱ्या माणसाचं काय करायचं ते माहीत नव्हतं. तो चपला घालून निघून गेला. आई आतून म्हणाली, "बोलला का कायी? न्हाय ना. मग झालं की." त्याचं गप्प राहणं हाच आमच्याकडं सगळ्यात मोठा पुरावा ठरला.

लग्न तोंडावर आलं. इथं बँडवाल्यांची एक रीत सांगते. बँडवाल्याच्या मुलीच्या लग्नात बाप वाजवत नाही. त्याला उपास असतो, कन्यादान असतं, आणि स्वतःच्या लेकीच्या पाठवणीला कुणाच्या छातीत दम राहतो? त्याचा बँडही वाजवत नाही, कारण त्याची माणसं त्या दिवशी घरची असतात. वाजवायला गावातला दुसरा बँड येतो, बिनपैशाचा. त्याला बोलवायचं नसतं, तो आपण होऊन येतो, आणि आला की हाकलायचंही नसतं. कितीही वैर असलं तरी. म्हणजे अक्काच्या लग्नात हुसेनभाई येणार, हे ठरलेलंच होतं. अण्णा महिनाभर त्या विचारानं धुमसत होते. करमाळ्याच्या पाहुण्यांपुढं चोर आपलीच चीज आपल्याच दारात वाजवणार, असं ते म्हणायचे आणि ताट सरकवायचे.

लग्नादिवशी सकाळी मल्लय्याची बायको डोक्यावर गुंडाळी घेऊन आली. सतरंजी. तिनं ती मांडवाच्या खांबाशी टेकवली, आईला म्हणाली, "यजमानांनी धाडली," आणि हळदीकुंकूसुद्धा न घेता गेली. लाल-काळ्या पट्ट्यांची, काठाला पांढरी नक्षी, नव्या सुताचा वास येणारी. आम्ही उलगडायला घेतली तर अण्णांनी हात आडवा केला. पाप झाकायला धाडलीय, म्हणाले, ठेवा तशीच. पंगत जुन्या पट्ट्यांवर आणि शेजारच्या तरटांवर बसली. गव्हाची गोड हुग्गी, वांग्याची भाजी, वर तुपाची धार. वऱ्हाडातल्या एका म्हातारीनं विचारलंच, की एवढी सुरेख सतरंजी खांबाला टेकवून का ठेवलीय, आणि आईनं काहीतरी उत्तर दिलं. ती गुंडाळी दिवसभर तिथंच उभी होती. मी तिच्याजवळून जाताना दरवेळी पदर सावरून जात होते, का ते मला माहीत नव्हतं.

उन्हं कलली तशी पाठवणीची वेळ झाली. वऱ्हाडाला जेऊरपर्यंत रेल्वेनं आणि पुढं बैलगाडीनं जायचं होतं, त्यामुळं घाई. अक्का आईच्या गळ्यात, आई नेमकी कशी रडतेय हे बघायला सगळी गल्ली गोळा झालेली. हुसेनभाईनं हात वर केला आणि चाल सुरू झाली. सराचीच. अण्णांनी ओठ आवळले. पहिली ओळ झाली, दुसरी संपत आली, कॉर्नेटनं सूर लांबवला, आणि मी वाट बघत राहिले. गिरकी आलीच नाही. क्लारनेट सरळ पुढं गेलं, जसं काही त्या जागी कधी काही नव्हतंच. मी अण्णांकडं बघितलं. अण्णा जमिनीकडं बघत होते. मग चाल आणखी पुढं गेली आणि अशा ठिकाणी वळली जिथं आमची कधी वळत नव्हती. एक अख्खं मधलं कडवं, अण्णांना कधीच न मिळालेलं, आमच्या मांडवात वाजायला लागलं. तेव्हा अण्णांच्या डोळ्यांना धार लागली. लोक म्हणाले, लेकीचा बाप आहे, रडणारच.

वरात स्टेशनकडं निघायच्या आधी अण्णांनी हुसेनभाईला गाठलं. विचारलं, की ही चाल तुला कुणी दिली. हुसेनभाई घाम पुसत होता. त्याला प्रश्नच कळला नाही.

"मास्टर, ये तो सरसाब की चीज है," तो म्हणाला. "तुमारी कब से हुई? मेरे मामू सिकंदराबाद की पलटन में बजाते थे. सारी छावनियां में बजती ये. साब लोगां नहाते वखत बी येइच गाते."

आई शेजारीच होती. डोळे पुसता पुसता तिचा पदर हातातच राहिला. "म्हंजी त्यो सर खरंच हुता व्हय?" तिनं विचारलं. हुसेनभाईनं मान हलवली, कानाच्या पाळीला हात लावला आणि म्हणाला, गुजर गया बिचारा, कबका. आईनं तिथल्या तिथं एका मेलेल्या साहेबासाठी हळहळ व्यक्त केली, इतकी, की करमाळ्याच्या विहीणबाईंना वाटलं आमच्याकडं कुणी वारलं. मला हसू आलं. इतकी वर्षं वाकळ टांगून, चिंध्या कोंबून, माळावर राखणदारी करून आम्ही जे जपलं, ते साहेब लोक अंगाला साबण लावताना म्हणत होते. आणि त्यापायी काय घालवलं ते खांबाला टेकून उभं होतं.

अण्णा वरातीबरोबर गेले नाहीत. फेटा, उपरणं, तसेच अनवाणी निघाले. आई मला म्हणाली, "जा गं गोदे त्येंच्या मागनं. हा मानूस आता काय करंल सांगता याचं न्हाय." विणकरांच्या गल्लीत घराघरातून मागाचा आवाज येत होता. मल्लय्याचा माग जमिनीतल्या खड्ड्यातला. तो कमरेइतका खाली बसलेला, त्यामुळं अण्णा दारात उभे राहिले तेव्हा त्याची मान अण्णांच्या गुडघ्यांपाशी होती. त्यानं वर बघितलं नाही. धोटा इकडून तिकडं जात राहिला.

"मल्लय्या, चुकलो मी," अण्णा म्हणाले. मग हुसेनभाईचं सगळं सांगितलं, मामू, पलटण, मधलं कडवं, न वाजलेली गिरकी. माग थांबला नाही. सांगून संपलं तसा मल्लय्याचा हात थांबला.

"हे हुसेनभाईनं सांगितलं तवा कळलं तुमाला?" तो म्हणाला. "मास्तर, मी चाल विकली असती, तर माझी गिरकी मागं ठेवून विकली असती काय? ती कुटं ठेवली असती मी?"

एवढी वर्षं शेजारी उभं राहून ज्याचा श्वास ओळखीचा झाला होता, त्याची खूण हुसेनभाईच्या वाजवण्यात आहे का ते आधी ऐकायचं सोडून अण्णांनी भिकूमामाचा गळा ऐकला होता. मल्लय्यानं तुटलेला धागा शोधला, तो बोटानं ओला करून जोडला आणि विचारलं, "सतरंजी अंथरली?"

खोटं बोलता आलं असतं. आमच्या घरात त्याची कुणाला लाज नव्हती. अण्णा म्हणाले, "न्हाय."

"मग आदी जावा, ती अंथरा. पावने गेले तरी अंथरा."

घरी आलो तर मांडव मोकळा, खरकट्या पत्रावळी, दोन कुत्री, आणि आई एकटी भांडी आवरत होती. अण्णांनी खांबापासची गुंडाळी आडवी केली आणि गुडघ्यांवर बसून हातानं एकेक सुरकुती काढत ती पूर्ण उलगडली. मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचली ती. मग एका काठाला, अगदी कडेला, बसले. आईनं त्यांच्यापुढं उरलेली हुग्गी ठेवली. दिवसभराचा उपास होता त्यांचा. जरा वेळानं तीही टेकली, सतरंजीच्या नक्षीवरून बोट फिरवत म्हणाली, "त्या दोगांचं बी आसंच झालं आसंल. सतरंजी नुस्ती नावाला." पहिल्यांदाच तिनं सराची गोष्ट खरी धरली, आणि अण्णांना ते बोलून दाखवायचं भान नव्हतं.

वाकळ त्यानंतर दाराला लागली नाही. आईनं ती धुऊन पांघरायला काढली. सगळी माणसं एका दिवशी एकत्र यायला लागली, दार उघडं, खिडकी उघडी, गल्लीतली पोरं उंबऱ्यावर. ती सतरंजी खाली अंथरलेली असायची. मधलं कडवं शिकवायला हुसेनभाई स्वतः येऊन गेला. चहा प्यायला आणि जाताना आमची एक चाल ऐकून गेला. आईला त्याबद्दल थोडा संशय आला, पण खिडकी तिनं उघडीच ठेवली. आणि एक दिवस मल्लय्या आला. पायरीवर चपला काढल्या, पिशवीतून क्लारनेट काढलं, अण्णांच्या उजव्या हाताला त्याच्या नेहमीच्या जागी बसला. अण्णांनी कॉर्नेट तोंडाला लावलं. पहिली ओळ, दुसरी ओळ, अण्णांनी सूर लांबवला, डोळे मिटून. मल्लय्यानं सरळ पुढचा सूर वाजवला. हुसेनभाईच्या क्लारनेटवाल्यासारखा, स्वच्छ, बिनचूक, सरानं लिहिला असेल तसा.

तो पुढं किती तरी वर्षं अण्णांबरोबर वाजवत राहिला. शेवटची सुपारीसुद्धा दोघांनी एकत्र वाजवली. हसायचा, पाणी प्यायचा, अक्काच्या पोरांना मागावर बसवायचा. पण ती गिरकी त्यानं पुन्हा कधी घेतली नाही, आणि घे म्हणायचा धीर अण्णांना कधी झाला नाही. परवा नातवानं कुठून तरी सराच्या मूळ गाण्याची टेप आणून लावली. गाणं गिरकीच्या जागेवर न थांबता उड्या मारत निघून गेलं आणि मला त्या मेलेल्या माणसाचा उगीचच राग आला. अण्णा तसं करत नसत. शेवटपर्यंत, प्रत्येक लग्नात, दुसऱ्या ओळीच्या शेवटी ते सूर धरून थांबायचे, गिरकी मावेल एवढी जागा सोडायचे, आणि मग पुढं जायचे. नवख्या लोकांना वाटायचं, बँड चुकला.